चंद्र साक्षीला

मराठी कवितेतल्या चंद्राला तारीख नसते. तो उगवतो, ढगाआड जातो, विरहिणीला छळतो, चकोराला तृप्त करतो. परंतु तो कोणत्या शकातला आणि कोणत्या तिथीचा, असा प्रश्न वाचकाला पडत नाही. जुन्या शिलालेखांत मात्र आपल्याला दुसरा एक चंद्र भेटतो. दानाच्या शिळेवर, अक्षरांच्या वर, सूर्याशेजारी तो कोरलेला असतो. हे दान 'आचंद्रार्क' चालावे, चंद्रसूर्य आहेत तोवर कोणी मोडू नये, असा त्याचा अर्थ. त्याच शिळेवर शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथी आणि वार यांचाही उल्लेख असतो. म्हणजे या दुसऱ्या चंद्राकडे दोन कामे आहेत: व्यवहाराला साक्ष राहणे आणि त्या व्यवहाराची तिथी सांगणे. कवितेतल्या चंद्रावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या चंद्राचा माग छायाचित्रणाच्या इतिहासातून काढायचा आहे. त्याला औसा तालुक्यातले एक जुने घरगुती छायाचित्र निमित्त झाले. त्याच्याकडे शेवटी येऊ.

काही वर्षांपूर्वी कोजागिरीला महाविद्यालयाच्या गच्चीवर दूध आटत ठेवले होते. एका विद्यार्थ्याने मोबाइलवर टिपलेला चंद्र दाखवला. काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका, एवढेच त्याचे स्वरूप होते. दुसऱ्याने लग्नाचे फोटो काढणाऱ्या आपल्या भावाचा कॅमेरा आणि ३०० मिलिमीटरचे टेलिफोटो भिंग आणले होते. त्यातून ठिपका मोठा झाला, पण पांढरा तो पांढराच राहिला. "सर, डोळ्यांना तर डाग दिसतात, मग फोटोत का येत नाहीत?" हा त्याचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता. छायाचित्रकलेने आपली पहिली साठ-सत्तर वर्षे याच प्रश्नाशी झगडण्यात घालवली आहेत.

पहिली अडचण आकाराची. आकाशात चंद्र केवढा दिसतो? केवळ अर्ध्या अंशाचा. हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या नखाआड तो सहज लपतो. तो आपल्याला मोठा वाटतो, कारण आपले मन त्याला मोठा करून पाहते. कॅमेऱ्याला असे मन नसते. भिंगाच्या नाभीय अंतराला सुमारे ११० ने भागले की फिल्मवर पडणाऱ्या चंद्रबिंबाचा व्यास मिळतो. म्हणजे ५० मिलिमीटरच्या साध्या भिंगातून जेमतेम अर्धा मिलिमीटर आणि ३०० मिलिमीटरच्या भिंगातून पावणेतीन मिलिमीटर. फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर असते, हे लक्षात घेतले की त्या ठिपक्याचे रहस्य उलगडते.

दुसरी अडचण प्रकाशाची, आणि ती अधिक उद्बोधक आहे. रात्र आहे म्हणून कॅमेरा झडप बराच वेळ उघडी ठेवतो. पण चंद्रावर रात्र नसते. आपल्याला जो भाग उजळलेला दिसतो, तेथे भर दिवस असतो. सूर्यप्रकाशात पडलेल्या दगडाचे चित्र घ्यावे तसेच चंद्राचे घ्यावे लागते. छायाचित्रकारांचा सोपा नियम असा: छिद्र ११ क्रमांकावर ठेवावे आणि फिल्मची संवेदनशीलता १०० असेल तर झडपेचा वेग सेकंदाचा शंभरावा भाग ठेवावा. चंद्राचा दगड तसा काळपटच आहे; पडलेल्या प्रकाशापैकी सरासरी बारा टक्केच तो परत पाठवतो. ज्या डागांमुळे आपण त्याला शशांक किंवा मृगांक म्हणतो, ते बेसाल्टचे विस्तीर्ण सपाट प्रदेश आहेत, हे १९६९ मध्ये अपोलो ११ ने आणलेल्या नमुन्यांनी सिद्ध केले. औशाचा भुईकोट किल्ला ज्या दगडाने बांधला आहे, तोही बेसाल्टच. दख्खनचा हा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे आणि चंद्रावरचा बहुतांशी तीनशे कोटी वर्षांहून जुना. पण जात एकच. दुपारच्या उन्हात किल्ल्याच्या तटाचे चित्र ज्या बेताने घ्यावे, जवळपास त्याच बेताने मध्यरात्री चंद्राचे घ्यायचे. हे समजल्यावर त्या रात्री गच्चीवर डाग दिसू लागले.

तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांना रुचली नाही. कोजागिरीचा चंद्र छायाचित्रासाठी सगळ्यांत निरस असतो. पौर्णिमेला ऊन समोरून पडते, सावल्या दिसत नाहीत आणि सगळे बिंब सपाट होते. खड्डे आणि डोंगर दिसायचे तर ऊन तिरपे हवे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचा अर्धा चंद्र हवा. कवींची तिथी पौर्णिमा आणि कॅमेऱ्याची अष्टमी, हा भेद येथे नोंदवून ठेवू. पुढे तो लागणार आहे.

हे ज्ञान जगाला एका दिवसात झाले नाही. दागेरची चांदीच्या पत्र्यावर प्रतिमा उमटवण्याची रीत १८३९ मध्ये जाहीर झाली. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, १८४० च्या आरंभी, न्यूयॉर्कमध्ये जॉन विल्यम ड्रेपर यांनी सुमारे वीस मिनिटे प्रकाश देऊन चंद्राचे इंचभर चित्र मिळवले. या वीस मिनिटांत चंद्र जागेवर थांबत नाही. दर दोन मिनिटांना तो आपल्या व्यासाइतका सरकतो. म्हणून दुर्बीण त्याच्यामागे तितक्याच संथपणे फिरवत न्यावी लागते. हार्वर्डच्या वेधशाळेत बाँड आणि छायाचित्रकार व्हिपल यांनी पंधरा इंची दुर्बिणीतून घेतलेल्या चित्राने १८५१ च्या लंडन प्रदर्शनात लोकांना थक्क केले. वॉरन डे ला रू या इंग्रज हौशी ज्योतिर्विदाने सुरुवातीला घड्याळी यंत्रणेविना, हाताने दुर्बीण सरकवत ओल्या काचपट्ट्यांवर चंद्र टिपला. शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये लोवी आणि प्विझो यांनी हजारो काचपट्ट्यांतून निवडून चंद्राचा छायाचित्रसंग्रह सिद्ध केला. त्याचे प्रकाशन १८९६ ते १९१० या काळात झाले.

टेलिफोटो भिंगाचा जन्मही याच दशकातला. १८९१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये डॉलमेयर आणि जर्मनीत मिथे व श्टाइनहाइल यांनी स्वतंत्रपणे ते सिद्ध केले. पुढे किरण एकत्र आणणारा भिंगसमूह आणि मागे त्यांना थोडे फाकवणारा, अशी त्याची रचना असते. त्यामुळे मोठे नाभीय अंतर आखूड नळीत बसते. ही युक्ती वापरली नाही तर काय करावे लागते, याचे दर्शन सोलापूर जिल्ह्याला १८९८ मध्ये घडले.

२२ जानेवारी १८९८, शके १८१९, पौष अमावास्या. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहणाची छाया विजयदुर्गच्या बाजूने किनाऱ्यावर चढून ईशान्येला नागपूरकडे गेली. मार्गात करमाळा तालुक्यातले जेऊर होते. औसा आणि जेऊर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. सरळ रेषेत अंतर सुमारे एकशे चाळीस किलोमीटर. अर्थात तेव्हा मध्ये राज्याची सीमा होती. जेऊर इंग्रजी मुलखात, औसा निजामाच्या. खग्रास पट्टा औशाच्या वायव्येकडून गेला. औशाला मोठे खंडग्रास ग्रहणच काय ते लाभले. जेऊरला मात्र कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कँपबेल आपल्या पत्नीसह आले होते. मुंबई-पुण्यात प्लेगचे दिवस होते. त्यांच्या सामानात चाळीस फूट नाभीय अंतराचा कॅमेरा होता. भिंग उंचावर आधाराला पक्के बसवलेले, नळी तिरपी खाली आलेली आणि तळाशी सूर्याच्या गतीने सरकणारी काचपट्टी. वर दिलेला भागाकार येथे लावला तर त्या काचेवरचे चंद्रबिंब सुमारे अकरा सेंटिमीटर व्यासाचे येते. त्या खग्रासाच्या दोनेक मिनिटांत चंद्राचे जे चित्र आले ते पूर्ण काळे, सूर्याच्या प्रभामंडळात कोरलेले. आपल्या बाजूने अंधारलेल्या चंद्राची इतकी मोठी प्रतिमा महाराष्ट्राच्या भूमीवर त्यापूर्वी क्वचितच उमटली असेल.

जेऊरला केवळ परदेशी पाहुणे नव्हते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील कावसजी दादाभाई नायगमवाला आपले पथक घेऊन तेथे गेले होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात १८८८ मध्ये उभी राहिलेली तख्तसिंगजी वेधशाळा त्यांच्याकडे होती आणि तेथली वीस इंची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. जेऊरच्या कामाचा त्यांचा वृत्तान्त १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. पण नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसाबरोबर एक संस्था संपण्याचा हा प्रकार आपल्या विद्येच्या इतिहासात नवा नाही.

औसा ज्या राज्यात होते, त्या राज्याची वेधशाळाही छायाचित्रणाचेच काम करीत होती. हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने आकाशाचा छायाचित्रमय नकाशा करण्याच्या आंतरराष्ट्रीय योजनेत आपला वाटा उचलला आणि लाखो ताऱ्यांची स्थाने मोजली. गंमत अशी की या कामाला चंद्र हा अडथळाच. चांदण्यात आकाश उजळते, काचपट्टी धुरकट होते आणि मंद तारे हरवतात. ज्या रात्री कवी जागतात, त्या रात्री असे छायाचित्रकार निवांत झोपतात.

जेऊरचे ग्रहण झाल्यावर तीन महिन्यांनी, एप्रिल १८९८ मध्ये, शंकर बाळकृष्ण दीक्षित वारले. 'भारतीय ज्योतिःशास्त्र' या त्यांच्या १८९६ च्या ग्रंथाचे नाव मराठीच्या विद्यार्थ्यांनी ऐकलेले असते, पण त्यांच्या कामाची एक बाजू वर्गात सांगितली जात नाही. ताम्रपट आणि शिलालेखांतल्या तिथी गणिताने तपासून पाहण्याचे शास्त्र त्यांनी घडवले. लेखात 'अमुक शक, अमुक मास, अमावास्या, सूर्यग्रहण' असे म्हटले असेल, तर त्या दिवशी खरोखर ग्रहण होते काय? तिथी आणि वार जुळतात काय? जुळले तर लेखाची विश्वासार्हता वाढते. जुळले नाहीत तर लेखनिकाची चूक, नंतरची नक्कल किंवा बनावट दस्त यांचा संशय घ्यावा लागतो. रॉबर्ट स्यूअल यांच्यासह त्यांनी तयार केलेली कालगणनेची कोष्टके इतिहाससंशोधकांच्या हाती त्याच वर्षी आली. शिळेवरची ती कोरीव चंद्रकोर नुसती शोभेची राहिली नाही. तिला प्रश्न विचारता येऊ लागले.

छायाचित्राने यात भर घातली ती एवढीच: शिलालेख तिथी शब्दांत सांगतो, छायाचित्र ती आकारात दाखवते. चंद्राची कला किती, तो क्षितिजाच्या कोणत्या बाजूला आणि किती उंच आहे, हे एका चित्रात एकत्र आले की त्या चित्राचा दिवसच नव्हे, वेळही काढता येते. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. अँसल अ‍ॅडम्स यांनी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला. संध्याकाळ सरत होती, प्रकाशमापक सापडेना. पण चंद्राची तेजस्विता त्यांना पाठ होती, तिच्यावरून हिशेब करून त्यांनी झडप दाबली. म्हणजे चंद्र हाच त्या क्षणी त्यांचा प्रकाशमापक झाला. ते चित्र पुढे जगभर गाजले, पण ते कोणत्या वर्षी काढले हे खुद्द अ‍ॅडम्स यांना नीट आठवत नव्हते. ते वेगवेगळी वर्षे सांगत. शेवटी ज्योतिर्विदांनी चित्रातल्या चंद्राच्या स्थानावरून गणित केले. आधी एक उत्तर आले, ते १९९१ मध्ये सुधारले गेले आणि १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे चार वाजून एकोणपन्नास मिनिटे, ही वेळ निश्चित झाली. चित्र काढणाऱ्याला जे स्मरले नाही, ते चित्रातल्या चंद्राने सांगितले.

साक्षीदार म्हटला की खोट्या साक्षीचाही विचार आला. १८७४ मध्ये नॅस्मिथ आणि कार्पेंटर यांनी चंद्रावर एक देखणे पुस्तक काढले. त्यातले डोंगर आणि विवरे प्लास्टरच्या प्रतिकृतींवर तिरपा प्रकाश टाकून छायाचित्रित केलेली होती. त्यांनी हे लपवले नव्हते, म्हणून तो दोष नव्हे. २०२३ च्या मार्चमधला वाद निराळा होता. एका प्रसिद्ध कंपनीच्या मोबाइलसमोर पडद्यावर चंद्राची मुद्दाम अस्पष्ट केलेली प्रतिमा ठेवली, तर मोबाइलने तीत नसलेले तपशील भरून स्पष्ट चंद्र हाती दिला, असे एका हौशी प्रयोगकर्त्याने दाखवले. ते चित्र सुंदर होते, पण समोरच्या वस्तूची साक्ष म्हणून त्याचे मोल उरत नव्हते. याउलट २०२१ च्या मे महिन्यात पुण्यातल्या एका सोळा वर्षांच्या मुलाने साधी दुर्बीण आणि छोटा कॅमेरा वापरून चंद्राच्या पन्नास हजारांहून अधिक प्रतिमा घेतल्या आणि त्या एकत्र करून एक चित्र सिद्ध केले. संस्कार तेथेही भरपूर होते. फरक इतकाच, की त्यातला प्रत्येक कण चंद्राकडून आला होता आणि तो कसा आला हे त्या मुलाने सांगितले होते. संहिताचिकित्सेच्या विद्यार्थ्याला हा भेद नवा वाटू नये. अनेक पोथ्यांवरून पाठ ठरवणे वेगळे आणि गहाळ ओवी स्वतः रचून घालणे वेगळे.

आता त्या घरगुती छायाचित्राकडे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी औसा तालुक्यातले किल्लारी आणि आसपासची गावे भूकंपात कोसळली. जवळपास आठ हजार माणसे गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून गावे झोपली होती. जाड दगडमातीच्या भिंती आणि मातीची माळवदे झोपलेल्यांवर आली. गणिताने पाहिले तर पौर्णिमा पूर्ण व्हायला तेव्हा सुमारे वीस तास होते. जवळजवळ पूर्ण चंद्र पश्चिम क्षितिजावर वीस-पंचवीस अंश उंच होता.

या भागातल्या एका पुनर्वसित गावातून आमच्याकडे शिकायला आलेल्या एका विद्यार्थिनीने आजीच्या लोखंडी पेटीतला एक फोटो आणला. पूर्वेकडे दार असलेले घर, दारात सात माणसे, नवे कपडे, फ्लॅशच्या उजेडात आखडलेले चेहरे. पुण्याहून आलेल्या पाहुण्याने तो काढला होता आणि भूकंपानंतर चार महिन्यांनी टपालाने पाठवला होता. सातांतली तिघे तोवर उरली नव्हती. 'हा त्याच संध्याकाळचा, विसर्जनाच्या आधीचा,' असे घरात मानले जाई आणि दरवर्षी त्या दिवशी तो बाहेर निघे. मुलीला त्यावर लिहायचे होते. माळवदाच्या कडेवर, डाव्या कोपऱ्यात, एक बारीक पांढरा ठिपका होता. भिंगाखाली धरला तेव्हा तो गोल दिसेना. चंद्र अर्धा होता.

चतुर्दशीच्या संध्याकाळी चंद्र पूर्वेला असतो आणि जवळजवळ पूर्ण असतो. पूर्वाभिमुख घराच्या माळवदावर, म्हणजे पश्चिमेच्या आकाशात, तो त्या वेळी येऊच शकत नाही. रात्रीच्या पहिल्या प्रहरात नैर्ऋत्येला कललेला अर्धा चंद्र शुद्ध अष्टमीच्या मागेपुढे दिसतो. चंद्र वर्ष सांगत नाही; ते घरच्यांच्या साक्षीवरून घ्यावे लागले. पाहुणा त्या एकाच वर्षी आला होता आणि कडेवरचे बाळ त्याच उन्हाळ्यात जन्मले होते. दोन्ही साक्षी जुळवल्या की फोटो २२-२३ सप्टेंबर १९९३ च्या सुमाराचा ठरतो. म्हणजे भूकंपाच्या एक आठवडा आधीचा.

हे त्या घरी सांगावे की नाही, यावर आमच्यात मतभेद झाले. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की, दस्ताची तिथी चुकली आहे हे ठाऊक असताना गप्प राहणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की, हा दस्त न्यायालयात जायचा नाही. तीस वर्षे एका घराने जी संध्याकाळ जपली ती हिसकावण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला? दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. शेवटी आम्ही गणित मुलीच्या हाती दिले आणि निर्णय तिच्यावर सोपवला.

तिने दिवाळीच्या सुट्टीत आजीला सांगितले. आजी बराच वेळ फोटो पाहत राहिली. मग म्हणाली, "आर्धा हाय म्हणतीस? मग लक्ष्म्या उठल्या त्या दिवशीचा असंल. तवा तुजा मोठा काका आला हुता लातूरहून. इसर्जनाला नव्हता त्यो. रातीच्या गाडीनं आला आन् निजला." मराठवाड्यात ज्येष्ठा गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि त्यांचे विसर्जन अष्टमीच्याच आसपास येते. म्हातारीने आमच्या गणिताला पंचांगाची पुष्टी तर दिलीच, शिवाय एक गोष्ट अशी सांगितली की जी त्या घरात कोणी विचारली नव्हती. विसर्जनाच्या संध्याकाळी जो माणूस गावात नव्हता, तो फोटोत कसा?

मुलीने फोटोच्या मागे पेन्सिलीने 'भाद्रपद शुद्ध, महालक्ष्म्यांचे विसर्जन, शके १९१५' असे लिहिले आणि तो परत पेटीत ठेवला. आजीने तिला वर्ष पुन्हा वाचून दाखवायला सांगितले.